वॅट मोजले, व्होल्ट राहिले : इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रकरण

गेम सुरू होतो, पहिल्या लोडिंगला अडकतो आणि स्क्रीनवर संदेश येतो की व्हिडिओ मेमरी संपली. कॅबिनेटमध्ये असतो आरटीएक्स ४०९०, म्हणजे २४ जीबी मेमरीचा, त्या वेळी सामान्य ग्राहकाला मिळणारा सर्वांत दमदार ग्राफिक्स कार्ड. एवढी मेमरी एका गेमच्या सुरुवातीच्या पडद्यालाच कशी संपेल? २०२३ च्या उत्तरार्धापासून जगभरातल्या अनेकांना हा प्रश्न पडू लागला. लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकले, रॅमच्या कांड्या काढून पुन्हा बसवल्या. काहींनी तर ग्राफिक्स कार्डच परत केले. नव्या कार्डवरही तोच संदेश आला.

या सगळ्या पीसींत एक गोष्ट सामायिक होती. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय९-१३९००के किंवा १४९००के होता, नाहीतर त्याच घराण्यातला आय७. दोष तिथे होता आणि संदेश बोट दाखवत होता भलतीकडे. नवा पीसी जुळवताना प्रोसेसरकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे या एका प्रकरणातून जितके कळते तितके डझनभर बेंचमार्कच्या तक्त्यांतून कळत नाही, असे माझे मत आहे. म्हणून ते मुळापासून मांडतो.

आधी तो संदेश समजून घेऊ. अनरिअल इंजिनवर बनवलेला गेम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो शेडर तयार करतो. डिस्कवर दाबून ठेवलेला डेटा उलगडायचा, त्यातून ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्रॅम बनवायचे, असे हे काम. ते प्रोसेसर करतो, सगळे कोअर, म्हणजे त्याच्यातली गणिते करणारी एकके, जुंपून. आकुंचित डेटा उलगडणे हे फार काटेकोर काम आहे. चित्रपट पाहताना एखादा बिट चुकला तर कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर हिरवा दिसेल आणि विषय संपेल. इथे एक बिट चुकला की पुढचे सगळे निरर्थक होते. त्या निरर्थक डेटावर इंजिन अडखळले की त्याच्याकडे असलेला सर्वांत जवळचा संदेश ते दाखवते, आणि तो व्हिडिओ मेमरीचा असतो.

ही उकल पहिल्यांदा जाहीरपणे मांडली ती इंटेलने नव्हे, तर आरएडी गेम टूल्सने. ऊडल हे डेटा उलगडणारे सॉफ्टवेअर त्यांचे, आणि ते असंख्य गेममध्ये असते. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी लिहिले की ऊडलमध्ये किंवा अनरिअलमध्ये बग दिसत नाही. मदरबोर्डवरच्या बायोस या मूळ प्रोग्रॅमच्या अति उत्साही सेटिंगमुळे काही प्रोसेसर आपल्या मर्यादेबाहेर जाऊन सूचना चुकीच्या पार पाडत आहेत. त्यांनी सुचवलेला तात्पुरता उपायही बोलका होता : परफॉर्मन्स कोअरचा, म्हणजे वेगवान कोअरचा, वेग ठरवणारा गुणक ५५ वरून ५४ किंवा ५३ वर आणा. एक-दोन पायऱ्या खाली उतरल्यावर गेम चालू लागत असेल तर ग्राफिक्स कार्डचा काही संबंध नाही, हे उघडच झाले. एप्रिलमध्ये एनव्हिडियानेही असा संदेश येणाऱ्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मालकांना इंटेलकडे जायला सांगितले.

इथवर वेळ कशी आली

२७ सप्टेंबर २०२२ हा दिवस पाहा. त्या दिवशी एएमडीचे रायझन ७००० विक्रीला आले, तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेले. त्याच दिवशी इंटेलने तेरावी पिढी, म्हणजे रॅप्टर लेक, जाहीर केली. इंटेलकडे होती 'इंटेल ७' नावाची प्रक्रिया, जिचे आधीचे नाव १० नॅनोमीटर घराण्यातले होते. ट्रान्झिस्टर लहान करून पुढे जाण्याची वाट इंटेलला त्या वेळी मोकळी नव्हती. उरल्या दोन वाटा. एक, कोअर वाढवणे. १२९००के मध्ये आठ परफॉर्मन्स आणि आठ एफिशियन्सी, म्हणजे कमी विजेत चालणारे, कोअर होते. १३९००के मध्ये एफिशियन्सी कोअर सोळा झाले. दुसरी वाट म्हणजे वेग. १२९००के ची कमाल ५.२ गिगाहर्ट्झ होती, १३९००के ची ५.८. जानेवारी २०२३ मध्ये १३९००केएस ने ६.० गाठले, ऑक्टोबर २०२३ मध्ये १४९००के ने तोच आकडा सर्वांसाठी आणला आणि मार्च २०२४ मध्ये १४९००केएस ६.२ वर पोहोचला.

प्रोसेसरचा वेग वाढवला की तो सांभाळायला व्होल्टेज वाढवावे लागते, आणि खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब करून पाहा. वेग ११ टक्के वाढवायला व्होल्टेज १६ टक्के वाढवावे लागले असे धरले, तर वीज सुमारे दीडपट होते. कमाल वेगाजवळचा प्रत्येक नवा मेगाहर्ट्झ आधीच्यापेक्षा महाग पडतो. तो विजेत महाग पडतो, उष्णतेत पडतो, आणि सिलिकॉनच्या आयुष्यातही पडतो. हा तिसरा खर्च खोक्यावर छापलेला नसतो आणि पहिल्या दिवशीच्या बेंचमार्कमध्ये दिसत नाही. तो वर्षभराने दिसतो.

इंटेलच्या कागदावर १३९००के ची मूळ मर्यादा १२५ वॅट आणि कमाल २५३ वॅट होती. पण बाजारातल्या बऱ्याच झेड६९० आणि झेड७९० मदरबोर्डांच्या बायोसमध्ये कारखान्यातूनच ही मर्यादा ४०९५ वॅट ठेवलेली असायची. अर्थात मर्यादाच नाही. करंटची मर्यादाही उठवलेली, करंट अचानक उसळला तर आवरणारे संरक्षण बंद. बोर्ड बनवणाऱ्यांचे गणित सरळ होते. चाचणी घेणारा माणूस बोर्ड जसा आला तसा लावतो, आणि तक्त्यात एक टक्का वर असलेला बोर्ड खपतो. इंटेलला हे अनेक वर्षे माहीत होते आणि चालतही होते, कारण त्या तक्त्यात शेवटी इंटेलचेच नाव वर जात होते.

वॅटची चुकीची दिशा

२०२४ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांचे बोट मदरबोर्डकडे वळले. इंटेलनेही तसेच सुचवले. असुस, गिगाबाइट वगैरेंनी घाईघाईने 'बेसलाइन प्रोफाइल' असलेले बायोस काढले. यूट्यूबवर, दुकानांत, गेमिंगच्या ग्रुपांवर एकच सल्ला फिरू लागला : पॉवर लिमिट २५३ वॅट करा, निर्धास्त व्हा.

सल्ला वाईट नव्हता, पण अपुरा होता, आणि या प्रकरणाचे मर्म मला इथेच दिसते. वॅट आणि व्होल्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे २४ कोअर राबत असतात तेव्हा वॅट खूप लागतात, पण वेग तुलनेने कमी असतो आणि व्होल्टेजही खाली बसलेले असते. उलट तुम्ही नुसते ब्राउझर उघडता, किंवा एखादा कार्यक्रम एकच कोअर वापरत बसतो, तेव्हा प्रोसेसर त्या एक-दोन कोअरना कमाल वेगावर फेकतो. त्या क्षणी वॅट पाहाल तर पन्नासच्या आसपास, आणि व्होल्टेज मात्र दीडच्या वर. २५३ वॅटची मर्यादा तिथे कधी आडवीच येत नाही. हिरव्या आकड्यांकडे पाहून माणूस समाधानाने बसतो आणि चिप आतून म्हातारी होत राहते.

काही बोर्डांच्या नव्या प्रोफाइलमध्ये तर वॅट खाली आले आणि लोडलाइनच्या, म्हणजे भार वाढला की व्होल्टेज किती सावरायचे हे ठरवणाऱ्या, बदललेल्या सेटिंगमुळे व्होल्टेज वर गेले.

हे लख्ख झाले जुलै २०२४ मध्ये, आणि ते गेमरांमुळे नव्हे, सर्व्हरवाल्यांमुळे. लेव्हल१टेक्स या यूट्यूब चॅनेलच्या वेंडेलने गेम कंपन्यांकडून मिळालेली क्रॅशची माहिती आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचे अनुभव पुढे ठेवले. अल्डेरॉन गेम्सने जाहीर केले की त्यांच्याकडचे या पिढ्यांचे जवळपास सगळे प्रोसेसर आज ना उद्या बिघडत आहेत. हे सर्व्हर डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डांवर होते. ते बोर्ड ओव्हरक्लॉकिंगचे नाहीत, कामाच्या जागी वापरायचे आहेत, तिथे मर्यादा कडक असतात. तरीही प्रोसेसर जात होते. का? गेम सर्व्हर हे बहुतेक वेळा एका धाग्यावर चालणारे काम आहे. एक कोअर, कमाल वेग, उंच व्होल्टेज, दिवसरात्र. मदरबोर्डवाल्यांच्या लोभाची कथा इथे पुरी पडेना.

२२ जुलै २०२४ ला इंटेलने मान्य केले की मायक्रोकोडमधल्या गणितामुळे प्रोसेसर स्वतःच चुकीचे, जास्त व्होल्टेज मागत होता. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला बारीक प्रोग्रॅम. बोर्डाकडे किती व्होल्टेज मागायचे हे तो ठरवतो. बोर्डाने फक्त मागितले तेवढे दिले. त्याच सुमारास इंटेलने आणखी एक गोष्ट कबूल केली : तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही मालात चिपच्या थरांना जोडणाऱ्या सूक्ष्म तारांच्या जागी ऑक्सिडेशनचा दोष होता, तो २०२३ मध्ये दूर केला. हा दोष वेगळा. दोन्हींची सरमिसळ होऊन बराच गोंधळ उडाला आणि अजूनही अनेक जण ऑक्सिडेशनलाच मूळ कारण समजतात. तसे नाही.

मूळ कारण इंटेलने २५ सप्टेंबर २०२४ ला सांगितले. कोअरच्या आत घड्याळाचा संकेत सगळीकडे पोहोचवणारे एक सर्किट असते. उंच व्होल्टेज आणि उष्णता यांखाली ते लवकर झिजते आणि त्या संकेताच्या चढ-उताराचे प्रमाण सरकते. लेझीम खेळताना हलगीचा ठोका किंचित लांबू-आखडू लागला तर प्रत्येक जण आपापले पाऊल बरोबर टाकूनही फेर मोडतो, तसे काहीसे. मग तोच वेग सांभाळायला चिपला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागते. किमान लागणारे व्होल्टेज वर सरकते म्हणून इंटेलने याला 'व्हीमिन शिफ्ट' म्हटले. कारखान्यात चिपमध्ये भरलेला व्होल्टेजचा तक्ता जुनाच, गरज मात्र वाढलेली. मधल्या फरकात चुका होतात.

यातून एक दुष्टचक्र तयार झाले होते. पीसी क्रॅश होतो म्हणून जाणकार माणूस बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज थोडे वाढवतो. पीसी स्थिर होतो. त्या वाढीव व्होल्टेजने झीज आणखी वेगात होते, आणि काही महिन्यांनी क्रॅश परत येतात.

इंटेलने चार वाटा मोजल्या. बोर्डांची मर्यादेबाहेरची सेटिंग; आय९ ला तापलेला असतानाही वरच्या वेगात राहू देणारी चूक, जी जूनमध्ये ०एक्स१२५ या मायक्रोकोडने सुधारली; जास्त व्होल्टेज मागणारे गणित, ज्यावर ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आला आणि त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. आणि निवांत किंवा हलक्या कामाच्या वेळी मागितले जाणारे वाढीव व्होल्टेज, ज्यासाठी ०एक्स१२बी आला. मे २०२५ मध्ये त्यात ०एक्स१२एफ ची भर पडली, दिवसेंदिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या यंत्रांसाठी. चारांतली पहिली वाट सोडली तर बाकीच्या तिन्हींमध्ये इंटेलचा स्वतःचा मायक्रोकोड आहे. दोषाची वाटणी करायचीच तर मी मोठा वाटा इंटेलच्या पदरात टाकीन. एप्रिलमध्ये बोर्डवाल्यांकडे बोट दाखवल्यामुळे ग्राहकांचे जे महिने गेले, त्या महिन्यांत चांगल्या चिपही झिजल्या, आणि मायक्रोकोड झिजलेली चिप दुरुस्त करत नाही. तो फक्त पुढची झीज टाळतो.

याच काळात वेगळे चित्र दिसत होते ते अमेरिकेतल्या प्युजेट सिस्टम्स या वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी आपली आकडेवारी मांडली. तेच प्रोसेसर, पण बिघाडाचे प्रमाण इतरांच्या आरडाओरड्याच्या मानाने बरेच कमी. कारण त्यांनी सांगितले तसे साधे : बोर्डाच्या डिफॉल्ट सेटिंगवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते वर्षानुवर्षे प्रत्येक पीसीत इंटेलच्या कागदावरचे आकडे हाताने भरत होते. पुढे प्रमाण वाढू शकते हेही त्यांनी मान्य केले आणि अशा पीसींची वॉरंटी तीन वर्षांची केली. जुळणी करणाऱ्याने बायोसमध्ये दिलेली दहा मिनिटे ग्राहकाच्या किती कामी येतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

खरेदीच्या टेबलावर

आता हे प्रकरण मनात ठेवून पीसी निवडायचा असेल तर काय बदलते?

गेमसाठी पीसी घेणाऱ्याने रायझन ७ ७८००एक्स३डी शेजारी ठेवून पाहावा. एप्रिल २०२३ चा, आठच कोअर, कमाल वेग ५.० गिगाहर्ट्झ. कागदावर सहा गिगाहर्ट्झपुढे तो दुबळा वाटतो. तरी बहुतेक चाचण्यांत गेमच्या सरासरीत तो १४९००के ची बरोबरी करतो किंवा पुढे जातो, आणि तेही त्याच्या कितीतरी कमी विजेत. त्याचे बळ वेगात नाही, ९६ एमबी एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीत, आहे. गेमला लागणारा डेटा रॅमपर्यंत जाऊन आणावा लागला नाही की कोअर ताटकळत बसत नाही. गंमत अशी की वर रचलेला कॅशचा थर उष्णता आणि व्होल्टेज फारसे सोसत नाही, म्हणूनच एएमडीला वेग आवरता ठेवावा लागला. ती मर्यादा ग्राहकाच्या फायद्याची ठरली.

याचा अर्थ एएमडी घेतला की निश्चिंत, असा काढू नये. त्याच एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले होते, बोर्ड एसओसीला, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या भागाला, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते म्हणून. एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखले. कारण पुन्हा तेच : डिफॉल्ट समजून स्वीकारलेले, पण कोणीच नीट न तपासलेले व्होल्टेज. फरक प्रतिसादाच्या वेगात होता. तिथे काही आठवड्यांत उपाय आला, इथे अनेक महिने गेले.

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, कोड कंपाइल करणे अशा कामांना जास्त कोअर खरोखर उपयोगी पडतात. तिथे इंटेलचा पर्याय अजूनही वजनदार आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत हा दोष नाही असे इंटेलने सांगितले आहे. बारावी पिढीही यातून बाहेर आहे. ऑफिसकाम, टॅली, अभ्यास, ऑनलाइन मीटिंग यांसाठी पीसी घेणाऱ्याने आय९ कडे पाहूच नये. तो पैसा मोठ्या एसएसडीत, १६ ऐवजी ३२ जीबी रॅममध्ये आणि बऱ्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) घालावा, रोजच्या वापरात फरक तिथे जाणवतो.

आपल्याकडे त्यात हवामानाची भर आहे. परदेशी चाचण्या साधारण वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच चाळिशीच्या आसपास असते. कूलर चिपला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे २५३ वॅटच्या प्रोसेसरला तिथे सुरुवातीलाच वीस अंशांची सवलत कमी मिळते, आणि झीज व्होल्टेज अधिक उष्णता अशा दोघांच्या संगनमताने होते हे वर आलेच आहे. तिथल्या माणसाला ६५ वॅटचा प्रोसेसर सुचवताना मला जराही संकोच वाटत नाही.

दुसरी आपल्याकडची बाब म्हणजे ट्रे पीस, म्हणजे खोक्याविना सुटा विकला जाणारा प्रोसेसर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला भाव विचारला की खोक्यातला एक दर सांगतात आणि ट्रेमधला त्याहून कमी. चिप तीच असते. पण ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने या पिढ्यांतल्या ठरावीक मॉडेलांची वॉरंटी तीनवरून पाच वर्षे केली, ती खोक्यातल्या प्रोसेसरसाठी थेट; ट्रेवाल्यांना मात्र ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे जायला सांगितले. दुकानदार पाच वर्षांनी तिथेच असेल का, ही वाचलेल्या रकमेची खरी किंमत आहे. सेकंडहँड बाजारात १३९००के आणि १४९००के स्वस्तात दिसू लागले आहेत. आधीच्या मालकाने बायोस कधी बदलला हे सिद्ध करता येत नाही, आणि झीज बाहेरून दिसत नाही. खोका, बिल आणि शिल्लक वॉरंटी नसेल तर मी तो फुकटातही पीसीत बसवणार नाही, कारण पुढे बिघाड शोधण्यात जाणारे दिवस फुकट नसतात.

ज्यांच्याकडे तो आधीच आहे

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. प्रोसेसरच्या माहितीत मायक्रोकोडचा क्रमांक दिसतो. तो ०एक्स१२बी किंवा नंतरचा हवा. लिनक्सवर प्रोसेसरच्या माहितीच्या फाइलमध्ये 'मायक्रोकोड' ही ओळ असते. जुना असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा बायोस घ्या, पीसी यूपीएसवर ठेवून तो घाला, आणि बायोसमध्ये जाऊन 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडलेले आहे याची खात्री करा. आय९ ला त्यात २५३ वॅट आणि ३०७ अँपिअर दिसायला हवेत, केएस मॉडेलसाठी वरची प्रोफाइल वेगळी आहे. मग सेन्सरच्या पानावर व्होल्टेजचा कमाल रकाना पाहा, आणि तो भरपूर कामाखाली नव्हे, पीसी तासभर ब्राउझर-फाइलींच्या हलक्या कामावर चालवून पाहा.

झीज झाली आहे का हे तपासायला महागडी साधने लागत नाहीत. सेव्हन-झिपचा अंगभूत बेंचमार्क बराच वेळ चालवा. त्यात चूक निघाली तर गंभीर आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरचा इन्स्टॉलर मध्येच फाइल खराब असल्याचे सांगत असेल तर तीही खूण, कारण तोही दाबलेला डेटाच उलगडत असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी जमल्या असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. मात्र आधी एक्सएमपी, म्हणजे रॅमला वाढीव वेगावर चालवणारे सेटिंग, बंद करून रॅमला संशयातून मोकळे करा, नाहीतर सेवा केंद्रात पहिला प्रश्न तोच येईल. खुणा जुळल्या तर व्होल्टेज वाढवून दिवस ढकलू नका, थेट बदलीसाठी अर्ज करा. बदलून आलेला प्रोसेसर बसवण्याच्या आधी बायोस नवा करा, नंतर नव्हे.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्याच लॉटमध्ये, खोक्यातला १३९००के घेतलेल्यांची पाच वर्षे ऑक्टोबर २०२७ मध्ये संपतात. बिलाचा थर्मल कागद तोवर कोरा पडलेला असेल. आजच त्याचा फोटो काढा, आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक व सीरियल नंबर त्याच फोटोत येऊ द्या.